सहाव्या क्रमांकाचं शहर

३ तारीख, सोमवार

या वहीत मी आजवर फक्त कुलपं लिहिली. कुणाचं गोदाम, कुणाची तिजोरी, किती लिव्हर, किल्लीचे दात कसे. आज पहिल्यांदा माणसाबद्दल लिहितो आहे, तेही घरच्या. दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलंय, कारण शेजारचा शिंपी डोकावतो आणि त्याची नजर त्याच्या सुईपेक्षा बारीक आहे.

आमच्या हिने इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर सत्तावीस वर्षं काढली. शुक्रवारी निवृत्त झाली. हार झाले, भाषणं झाली, आणि सगळ्यांनी मिळून एक चाकांची बॅग दिली. मला वाटलं, बॅग आता माळ्यावर जाईल, तिच्यात जुन्या रजया राहतील. काल जेवताना ही म्हणाली, "अहो, मी आठ दिवस कुठेतरी जाऊन येते."

"जाऊ या की. दुकान बंद ठेवू."

"जाऊ या नाही. जाते."

मुलगी आली होती. तिने मान खाली घालून आमटी ओरपली. म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं. माझ्या कानाला कुलपातला खटका ऐकू येतो, तसं घरातलं कारस्थानही येतं. फक्त या वेळी उशिरा आलं.

"एकटी?" मी विचारलं.

"सत्तावीस वर्षं लोकांना जोडून दिलं," ही म्हणाली. "आता आठ दिवस मला कुणी कुणाशी जोडू नका."

मी हसलो. दोघी हसल्या नाहीत.

५ तारीख, बुधवार

मुलीने एक कागद छापून आणला. वर ठळक अक्षरात : 'बाईने एकटीने फिरावं अशी सुरक्षित शहरं'. खाली दहा नावं, प्रत्येकापुढे चांदण्या, जशा शाळेत पोरांच्या वहीत देतात. मी चष्मा लावून सगळा कागद वाचला. हरकत घेण्यासारखं काही सापडेना, तेव्हा म्हणालो, "हे कुणी ठरवलं?"

"तिथे जाऊन आलेल्या बायकांनी, बाबा."

"म्हणजे परत आलेल्यांनीच. ज्या आल्या नाहीत त्यांना कोण विचारणार?"

"बाबा!"

पण मी काही आडमुठा माणूस नाही. फूटपाथवर पत्र्याची पेटी मांडून सुरुवात केली, आज तीन कामगार आणि काचेचं कपाट आहे. हे अडवून होत नाही, जुळवून होतं. म्हणून कागद हातात घेतला आणि एकेक शहर तिच्यासाठी सोपं करून दिलं. पहिल्यात माझा पितळेचा व्यापारी आहे. तो स्टेशनवर घ्यायला येईल. दुसऱ्यात माझ्याकडे शिकून गेलेला कारागीर आहे. त्याची बायको डबा देईल. तिसऱ्यात मावसभाऊ. चौथ्यात तिजोरीवाले, त्यांचे माझ्यावर उपकार आहेत, माझे त्यांच्यावर. पाचव्यात साडूचा मित्र पोलिसात आहे, तो तर दिवसातून दोनदा फेरी मारील. "कुठेही जा," मी म्हणालो, "माझं माणूस आहे."

हिने सगळं शांतपणे ऐकलं. मग कागद स्वतःकडे ओढला, बोट खाली खाली नेलं आणि सहाव्यावर थांबवलं.

"इथे."

"तिथे काय आहे?"

"नदी आहे."

"नदी पाचव्यातही आहे."

"असेल," ही म्हणाली आणि ताटं उचलली.

सहावंच का? पहिली पाच सोडून? चांदणीही एक कमीच आहे.

६ तारीख, गुरुवार

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एका म्हातारीला कपाटाची म्हणून पेटीची किल्ली दिली.

सत्तावीस वर्षं या बाईच्या कानाला लोकांचे आवाज होते. परगावच्या डॉक्टरांचे, औषधवाल्यांचे, दुसऱ्या इस्पितळांतल्या बोर्डावरच्या माणसांचे. घरी येऊन नक्कल करायची, आम्ही पोट धरून हसायचो. त्यातला एक होता, खर्जातला, 'नमस्कार बाई, आज पाऊस आहे का तुमच्याकडे?' असं विचारणारा. तो कुठल्या शहराचा होता? तेव्हा मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. हल्ली बऱ्याच वर्षांत ती त्याची नक्कल करत नाही. का करत नाही?

न राहवून शिंप्याला विचारलं, नावगाव न सांगता, दुसऱ्याची गोष्ट म्हणून. तो टीप मारता मारता थांबला.

"कुलूपवाले, तुमची बायको सहाव्यावर थांबली म्हणजे पाच नापास झाले. सहाव्यात काय आहे ते कशाला शोधता? पाचांत काय होतं ते बघा."

"पाचांत माझी माणसं आहेत."

"हं," तो म्हणाला आणि पुन्हा मशीन चालू केलं. शिंप्याला कापडापलीकडचं काही कळत नाही.

८ तारीख, शनिवार

हिने गुरुवारी रात्रीच जागा ठरवली. एका बाईने चालवलेलं वसतिगृह, वर सहा खोल्या, पुरुषांना जिन्यावर बंदी. खोलीला आपापलं कुलूप लावायचं, मालकीणबाई स्वतःकडे किल्ली ठेवत नाहीत. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. कुलूप म्हणजे माझा प्रांत!

दोन दिवस खपून पाच लिव्हरचं पितळी कुलूप बनवलं. विकत मिळेल असं नाही. तसं मी गेल्या दहा वर्षांत कुणाला दिलेलं नाही. मुठीत मावेल एवढं, पण घणाने बसलं तरी हलणार नाही. दाबलं की बसतं, आणि बसताना त्याचा आवाज असा येतो जसा चांगल्या गायकाने समेवर हात ठेवावा. कानस मारताना मनात म्हणत होतो, की मी तिथे नसलो तरी माझं काहीतरी दारावर असेल. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल की ही बाई बेवारशी नाही.

दिलं तेव्हा ही खरोखर खूश झाली. हातात घेऊन चारपाच वेळा उघडलं, लावलं. "किती गोड वाजतं हो!" म्हणाली. मग विचारलं, "किल्ली एकच ना?"

"एकच," मी म्हणालो.

दुसरी दुकानात मागच्या फळीवर आहे, तिसऱ्या खिळ्याला. मी बनवलेल्या प्रत्येक कुलपाची एक किल्ली त्या फळीवर राहते. एकतीस वर्षांचा नेम आहे. गिऱ्हाईक किल्ली हरवतं, रडत येतं, मी फळीवरून काढून देतो आणि ते माझे पाय धरतं. ही काही लबाडी नव्हे, धंद्याची शिस्त आहे. हिला तसं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर उगाच प्रश्न आला असता.

१० तारीख, सोमवार

सकाळच्या बसने गेली. खिडकीशी बसली. मी खालून पाण्याची बाटली दिली, बिस्किटं दिली, सूचना दिल्या. शेवटी कंडक्टर म्हणाला, "आजोबा, आता तुम्हीच चढा नाहीतर बाजूला व्हा."

हात हलवला तिने. पण बस वळणावर गेली तेव्हा मी मुद्दाम रस्ता ओलांडून पलीकडून पाहिलं. ती पुढे बघत होती. वळण पूर्ण व्हायच्या आधीच तिचं तोंड पुढे झालं होतं.

१२ तारीख, बुधवार

रोज सात वाजता फोन करते. ठरल्याप्रमाणे.

"जेवलीस?"

"जेवले."

"झोप?"

"छान."

"काय पाहिलंस?"

"असंच. फिरले."

तीस वर्षांत या बाईने मला 'असंच' हे उत्तर दिलेलं नाही. भाजीवालीकडे गेली तरी येऊन अर्धा तास सांगते. आवाजही निराळा आहे, सैल. जसं तेल दिलेलं कुलूप.

आणि फोनवर तिच्या पाठीमागे घंटा वाजली. दोनदा. मग इंजिनाची धडधड. मी विचारलं, "कुठे आहेस?" म्हणाली, "बाहेर."

१३ तारीख, गुरुवार

आज सकाळीच मी उलटा फोन लावला. तिने उचलला आणि ती 'हॅलो' म्हणायच्या आत मागून एक पुरुष हसून म्हणाला, "आज उशीर केलात!"

मी खर्ज ओळखतो.

आता माणसाने नीट विचार करावा. 'आज उशीर केलात' हे कोण म्हणतो? ज्याने काल वेळेवर पाहिलं, तो. आणि परवाही. म्हणजे रोजची वेळ आहे. म्हणजे कुणी वाट बघतं.

"कोण आहे गं?"

"कुठे कोण? अहो, नंतर बोलते, सुटेल."

काय सुटेल?

शिंप्याला सांगितलं, बाजारात पितळ बघायला जातो. मुलीला काहीच सांगितलं नाही. शहर खरोखर सुरक्षित आहे की नाही, हे कुणीतरी प्रत्यक्ष बघायला हवंच होतं. चांदण्यांवर किती विसंबायचं? उद्या पहाटेची बस. तिसऱ्या खिळ्यावरची किल्ली खिशात घेतली आहे. का, ते माहीत नाही. हात गेला.

१५ तारीख, शनिवार

परत आलो. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

दुपारी बाराला पोहोचलो. पहिल्यापासून त्या शहराचा मला राग आला. चौकशा फार. स्टँडवरच्या पाणीवालीला वसतिगृहाचा पत्ता विचारला तर म्हणाली, "कुणाकडे?" म्हटलं, नातेवाईक आहे. म्हणाली, "मग नातेवाइकाने पत्ता दिला नाही?" पुढे एका फळवालीने अगदी हसतमुखाने रस्ता सांगितला. मी त्या रस्त्याने अर्धा तास चाललो आणि निघालो थेट पोलीस चौकीसमोर. परत येऊन म्हटलं, "बाई, तुम्ही चुकीचं सांगितलंत." म्हणाली, "असं कसं झालं बरं?" आणि संत्री रचत बसली.

शेवटी एका टपालवाल्याच्या मागे मागे गेलो आणि गल्ली सापडली.

दाराशी खुर्ची होती, मालकीणबाई नव्हत्या. मागे कपडे वाळत घालत असाव्यात, झटकल्याचा आवाज येत होता. मी जिना चढलो. चौथ्या दारावर माझं कुलूप दिसलं. इतक्या अनोळखी ठिकाणी आपलं पितळ बघून त्याच्यावरून बोट फिरवलं. ती खोलीत नव्हती. मी किल्ली लावली. पाचही लिव्हर एका दमात उठले.

आत गेलो. काय शोधत होतो ते मला ठाऊक आहे, लिहायची लाज वाटते. दुसरा कप, दुसरा टॉवेल, दुसऱ्या कुणाच्या तरी असण्याची खूण. कप एकच होता. टॉवेल एकच. खुर्ची खिडकीकडे तोंड करून ओढलेली. उशाशी शेंगदाण्यांची पुडी. पलंगाच्या बरोबर मध्यभागी झोपल्याची खूण होती. घरी ती भिंतीकडच्या कडेला झोपते, तीस वर्षं. मला वाटायचं, तिला कड आवडते.

त्या खळग्याकडे बघत उभा होतो, आणि दार ओढल्याचा आवाज आला. मग कडी. मग तो आवाज, समेवर हात ठेवल्यासारखा.

गिऱ्हाइकांना मी एकतीस वर्षं बजावत आलो, की उघडलेलं कुलूप हातात घेऊन फिरू नका, कोयंड्यातच लटकवा, म्हणजे हरवत नाही. मी तसंच लटकवलं होतं. मालकीणबाईंनी नुसतं दाबलं.

"कोण आहे आत?"

"मी! मी तिचे मिस्टर!"

"सगळेच असतात," त्या म्हणाल्या. आणि खाली ओरडल्या, "अगं ए, चौथ्यातल्या बाईंना धक्क्यावरून बोलवा. आणि चौकीवरही सांगा."

दाराला आतून काही करता येईना. मीच बनवलेलं, मला ठाऊक होतं करता येणार नाही ते. बाहेर बायका जमल्या. फळवालीचा आवाज लगेच ओळखला. "हाच तो. मघाशी मी याला चौकीकडे पाठवला होता, तरी बघा पोहोचलाच." कुणीतरी म्हणालं, "वयाने तर बरा दिसत होता." दुसरी म्हणाली, "वयाचं काय घेऊन बसलीस?"

पाऊण तासाने तिची पावलं जिन्यावर वाजली. हजारात ओळखीन. धावत नव्हती.

कुलूप उघडलं. दारात ती, मागे मालकीणबाई, एक पोलीस बाई, फळवाली. पोलीस बाईंनी विचारलं, "हा माणूस तुमच्या ओळखीचा आहे का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या किल्लीकडे. लिव्हर मोजावेत तसे मी क्षण मोजले. पाच झाले.

"ओळखीचा आहे," ती म्हणाली. "मी बोलावलेला नाही."

पोलीस बाईंनी माझं नाव, पत्ता, धंदा लिहून घेतला. धंदा सांगितला तेव्हा फळवाली तोंडाला पदर लावून वळली. मी हजारो घरांची दारं राखली आहेत, आणि त्या वहीत माझं नाव कुठल्या रकान्यात गेलं ते बघवलं नाही.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, "तुमची बस सहाला आहे. खोलीत बसता येणार नाही. चला, तोवर दाखवते."

"किल्लीचं..." मी सुरुवात केली.

"दुसरी असणार हे मला माहीत होतं. तुमची फळी मी दर रविवारी पुसते. म्हणून पहिल्याच दिवशी बाईंना सांगून ठेवलं होतं, की कुलूप निघालेलं दिसलं आणि मी दिसले नाही, तर कडी घाला."

"म्हणजे तुला वाटलंच होतं, मी..."

"वाटलं नव्हतं हो," ती म्हणाली. "येऊ नये असं वाटत होतं."

नदीच्या धक्क्यावर नेलं. तिथे बोट आहे, या काठावरून त्या काठावर जाते, परत येते. सुटताना दोनदा घंटा वाजते. तिकीट देणारा खिडकीत होता. सत्तरीचा, कानाला यंत्र, तोंडात दोन दात. आवाज मात्र खर्जातला.

"परत यायला उशीर केलात! आणि आज दोन?"

"आज दोन," ती म्हणाली.

"या बाई पहिल्या दिवसापासून पलीकडे उतरतच नाहीत," तो मला सांगू लागला. "जातात, येतात. जातात, येतात. म्हटलं, काही हरवलंय का? तर म्हणाल्या, नाही."

ती पुढच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसली. मी शेजारी. पाण्यात काही नव्हतं. पलीकडचा काठही अगदी साधा, दोन गोदामं आणि एक झाड. मी काहीतरी बोलत होतो, इंजिनाबद्दल, गंजाबद्दल. मध्येच तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी लग्नात पाहिला, मुलगी झाली तेव्हा पाहिला, सासूबाई गेल्या तेव्हा पाहिला. हा चेहरा पाहिला नव्हता. ती गुणगुणत होती. मी शेजारी आहे हे ती विसरली होती, रागाने नव्हे, सहज.

कुणी असतं तर बरं झालं असतं. तो खर्जवाला तरणाबांड असता, मिशा पिळत उभा असता, तर काय करायचं ते मला ठाऊक होतं. माणसाशी भांडता येतं. इथे कुणी नव्हतंच. मी कुणावर जळू, त्या बाकावर?

धक्क्यावर परत आलो तेव्हा विचारलं, "सहावंच का निवडलंस? खरं सांग."

"पहिल्या पाचांत तुमची माणसं होती," ती म्हणाली.

बस आली. मी खिडकीशी बसलो. हात हलवला. वळणावर मान काढून पाहिलं. ती धक्क्याच्या दिशेने निघालीही होती.

१६ तारीख, रविवार

शिंप्याने विचारलं, "मिळालं का पितळ?"

"भाव फार होता," मी म्हणालो.

 त्याने माझ्या शर्टाच्या खिशाचं तुटलेलं बटण न मागता लावून दिलं.

१८ तारीख, मंगळवार

आली. तिच्याकडे घराची किल्ली आहे, तरी दारात उभं राहून तिने बेल वाजवली. मी जाऊन उघडलं. आठ दिवसांत सावळी झाली आहे.

"जेवलात?" म्हणाली.

"थांबलो होतो."

जेवण झाल्यावर बॅगेतून कुलूप काढून तिने मेजावर ठेवलं, शेजारी तिची किल्ली. मी खिशातली काढून तिच्यापुढे ठेवली. तिने दोन्ही उचलून आपल्या जुडग्यात अडकवल्या. भांडण झालं नाही. झालं असतं तर मी जिंकलो असतो. भांडणात मला वाट सापडते. मुलीचा कागद अजून कपाटाला चिकटवलेला आहे. आज पाहिलं तर सहाव्यापुढे पेनने एक चांदणी वाढवलेली होती. चांदणी कशाबद्दल दिली ते कळलं, म्हणून विचारलं नाही.

२० तारीख, गुरुवार

सकाळी दुकानात निघताना तिने एक किल्ली जुडग्यातून सोडवली आणि माझ्या हातावर ठेवली. कुलपाचीच.

"ही ठेवा," म्हणाली. "सांगेन तेव्हा आणा."

"कुठे आणू?"

"ते सांगेन तेव्हा."

दुकानात येऊन फळीकडे गेलो. तिसरा खिळा रिकामा होता. बराच वेळ किल्ली हातात घेऊन उभा राहिलो आणि ती तिथे लावली नाही. त्या फळीवरच्या किल्ल्या मी ठेवून घेतलेल्या आहेत. ही दिलेली आहे. एकतीस वर्षांत अशी दुसरी माझ्याकडे नाही. शेवटी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली, शिंप्याच्या बटणाखाली.

घरी ती अजून तीच चाल गुणगुणते, बोटीवरची. भांडी घासताना, केस विंचरताना. तिसऱ्याच दिवशी मला पाठ झाली. कान तसे आहेत. कुठली आहे, कुणाकडून ऐकली, अजून जळून जळून विचारावंसं वाटतं. आज ती अर्ध्यात थांबली. पुढची ओळ माझ्या ओठावर आली होती. मी ती म्हटली नाही. बाहेरच्या खोलीत बसून राहिलो, तिची ती पुन्हा सुरू करेपर्यंत.